एकच स्क्रिप्ट, चार मशीन: आपण कुठल्या मशीनवर चालतोय हे स्क्रिप्टला कळायचं कसं?

शाईवाला

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे. चार कॉम्प्युटर: एक काउंटरवर, दोन डिझाइनला, एक फ्लेक्सच्या मशीनला जोडलेला. कोपऱ्यात एक नास पेटी (नेटवर्कला जोडलेली डिस्क), तिच्यात सगळ्यांचा सामायिक फोल्डर. त्या फोल्डरात मी लिहिलेली एक स्क्रिप्ट, म्हणजे विंडोजची बॅच फाईल (ओळीनं चालणाऱ्या कमांडची यादी) आहे आणि प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर तिचा शॉर्टकट, नाव 'पाठव'. दाबलं की त्या मशीनवरच्या 'तयार' फोल्डरातल्या पीडीएफ उचलायच्या आणि योग्य त्या हॉट फोल्डरात टाकायच्या. हॉट फोल्डर म्हणजे ज्यात फाईल पडली की यंत्र काही विचारत नाही, थेट छापायला घेतं.

काउंटरवरून दाबलं तर माल कार्ड-पत्रिकांच्या डिजिटल प्रेसला जायचा, बाकी कुठूनही दाबलं तर फ्लेक्सला. काउंटर कुठला हे मी आयपीवरून (राउटरनं मशीनला दिलेल्या पत्त्यावरून) ओळखत होतो. शेवटी २१ असेल तर काउंटर, नसेल तर फ्लेक्स. दीड वर्ष सुरळीत चाललं.

मंगळवारी दुपारी लाईट गेली. आली तेव्हा राउटरनं पत्ते नव्यानं वाटले आणि काउंटरला मिळाला २३. त्यानंतर एका वकील साहेबांची व्हिजिटिंग कार्डं १० फुटी फ्लेक्सच्या रोलवर, एका कोपऱ्यात, साडेतीन इंचाची, अशी छापून आली. सहा फायली होत्या, सहाही गेल्या. नुकसान फार नाही, पण नेमके वडील दुकानात होते.

प्रश्न असा: मशीनची अशी कुठली खूण आहे जी बदलत नाही आणि स्क्रिप्टला वाचता येते? चार मशीनला चार वेगळ्या स्क्रिप्ट द्या असं कृपया सांगू नका. ते करून झालंय. एकीत दुरुस्ती केली की उरलेल्या तीन तशाच राहतात.

मंगळवारपेठी

वकील साहेबांना तेच द्यायचं होतं की. १० फुटी कार्ड, खिशात मावत नाही म्हणून कोर्टाबाहेर उभं करायचं. विषय हार्ड.

बॅच_बापू

भावा, आयपी म्हणजे एसटीतला सीट नंबर. चहाला उतरलास, परत चढलास, रुमाल टाकला नसशील तर दुसरी सीट. त्यावरून माणूस ओळखायचा नसतो.

विंडोजमध्ये प्रत्येक मशीनला नाव असतं आणि ते बॅच फाईलला आयतं मिळतं: दोन पर्सेंट चिन्हांच्या मधे कॉम्प्युटरनेम. (मी इथं देवनागरीत लिहितोय, तू अर्थात इंग्रजीत टाइप कर.) काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) होस्टनेम एवढंच लिहून एंटर मारलंस तरी नाव दिसेल. तुलना करताना इफच्या पुढं स्लॅश आय लाव, म्हणजे अक्षर लहान की मोठं हे तो बघत नाही. अर्ध्या लोकांची गाडी तिथंच अडते.

पायथन वापरणार असशील तर सॉकेट मॉड्यूलमध्ये गेटहोस्टनेम आहे, एक्सेलच्या मॅक्रोत एन्व्हायरन फंक्शनला कॉम्प्युटरनेम द्यायचं. सगळीकडं तेच.

नवखी_पण_हौशी

मूलभूत शंका, हसू नका. स्क्रिप्ट तर नासमध्ये आहे ना? मग नाव विचारल्यावर नासचं नाव येणार नाही का?

तांबडा_पांढरा

हसण्यासारखं काही नाही, ऑफिसात हा प्रश्न मला महिन्यातून एकदा येतो. आजीची मसाल्याची वही तिच्या कपाटात असते. सूनबाई ती वाचून आपल्या स्वयंपाकघरात मसाला कांडते. ठसका कुणाच्या घरात उठणार? सुनेच्या. स्क्रिप्ट म्हणजे वही. ती ठेवली कुठं याला महत्त्व नाही, वाचून काम करणारा प्रोसेसर कुणाचा ते बघायचं. शॉर्टकट काउंटरवर दाबला तर काम काउंटरच करतो आणि नावही काउंटरचंच येतं.

याच्यात एक खड्डा आहे तेवढा सांगतो. बॅच फाईल नेटवर्कच्या पत्त्यावरून, म्हणजे सुरुवातीला दोन उलट्या तिरक्या रेघा असलेल्या पाथवरून उघडली, तर कमांड प्रॉम्प्ट 'यूएनसी पाथ चालत नाही' असं म्हणतो आणि गुपचूप सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात जाऊन बसतो. पुढं तुम्ही 'इथली फाईल उचल' म्हटलंत की 'इथं' म्हणजे विंडोज फोल्डर! स्क्रिप्टच्या सुरुवातीला पुशडी घालून स्क्रिप्टचा स्वतःचा फोल्डर द्या. तो तात्पुरतं ड्राइव्हचं अक्षर जोडून देतो. शेवटी पॉपडी केलं की ते अक्षर सुटतं.

शाईवाला

बापू, तुमच्या सांगण्यावरून चारी मशीनवर होस्टनेम मारून आलो. काउंटर: डेस्कटॉप, आडवी रेघ, पुढं सात अक्षरांचा गिचमिडा. फ्लेक्सचं मशीन: तसंच, गिचमिडा वेगळा. डिझाइनची दोन: दोन्हींचा गिचमिडा एकच!

ही दोन्ही एकाच दिवशी असेंबल करून घेतली होती. पोरानं एकात विंडोज घातलं आणि डिस्क जशीच्या तशी दुसऱ्यावर उतरवली. 'नेटवर्कवर याच नावाचं दुसरं मशीन आहे' असा इशारा अधूनमधून यायचा. आम्ही ओके दाबून पुढं जायचो.

उद्यमनगरी

ओके दाबून पुढं जाणाऱ्यांच्या मंडळात स्वागत. मी संस्थापक सदस्य.

आमचं काम सीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथचं. एक टर्निंग सेंटर उद्यमनगरात, दुसरं शिरोलीला. प्रत्येकाजवळ एक पीसी, दोन्हीत सिंक होणारा एकच फोल्डर आणि त्यात एकच स्क्रिप्ट, जी आपल्या मशीनचा प्रोग्राम बाजूला काढून ठेवते. मी शहाणपणा करून नावं दिली: इंग्रजीत कोल्हापूर-लेथ-१ आणि कोल्हापूर-लेथ-२. नीट, वाचताक्षणी कळणारी. नाव देताना त्या जुन्या खिडकीत काहीतरी पाटी आली होती. ओके दाबलं.

आता मोजा. इंग्रजीत कोल्हापूरची ८ अक्षरं, एक रेघ, लेथची ५, परत एक रेघ. झाली १५. आणि कॉम्प्युटरनेममध्ये जे येतं ते नेटबायॉसचं (विंडोजच्या जुन्या नेटवर्क पद्धतीचं) नाव, ज्याची मर्यादा १५ अक्षरांची. म्हणजे नेमका जो १ आणि २ मला हवा होता तो सोळावा, कापला गेला. दोन्ही मशीन छातीठोकपणे 'कोल्हापूर-लेथ-' असंच सांगत होती. दोन वेगळी नेटवर्कं, त्यामुळं इशारासुद्धा आला नाही. उद्यमनगरचा ऑफसेट (टूल किती सरकवायचं तो आकडा) शिरोलीच्या प्रोग्रामवर बसला आणि टूल जॉबमध्ये घुसलं. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) गेली, होल्डर वाकला. माणूस बाजूला उभा होता, म्हणून आज गंमत म्हणून सांगतोय.

तेव्हा शाईवाले, नाव द्या, पण आखूड. फरक दाखवणारं अक्षर पुढं, गावाचं नाव नकोच. मशीन कोल्हापुरात आहे हे मशीनला सांगायची गरज नाही.

(होस्टनेम ही कमांड पूर्ण नाव देते, कॉम्प्युटरनेम कापलेलं. मी तपासत होतो होस्टनेमनं आणि स्क्रिप्ट वापरत होती कॉम्प्युटरनेम. दोन दिवस त्यात गेले.)

पुण्यातला_कोल्हापूरकर

नाव कुणीही बदलू शकतं. प्रोफेशनल पद्धत म्हणजे हार्डवेअरची ओळख. नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता घ्या, नाहीतर बायॉसमधला (मदरबोर्डातल्या मूळ प्रोग्राममधला) सीरियल नंबर. तो फॅक्टरीतून येतो, जगात एकमेव.

बॅच_बापू

पुण्याला गेलास की असेंबल मशीन विसरलास काय? ब्रँडेड लॅपटॉपवर सीरियल नंबर मिळतो, मान्य. आमच्या मदरबोर्डांवर त्या जागी काय लिहिलेलं असतं सांगू? 'टू बी फिल्ड बाय ओईएम'. म्हणजे 'बनवणाऱ्यानं इथं भरावं'. बनवणारा आमच्या गल्लीतला, त्यानं काय भरलं नाही. मी गेल्या वर्षी एका क्लासमधली पाच मशीनं तपासली, पाचांचा सीरियल नंबर तोच. जगात एकमेव, पाच वेळा.

शिवाय तो काढायची जुनी डब्ल्यूएमआयसी कमांड नव्या विंडोज ११ मध्ये सुरुवातीला बंदच येते. पॉवरशेलमधून काढता येतो, पण बॅच फाईलचा साधेपणा गेला.

तांबडा_पांढरा

आणि मॅक पत्ता कार्डाचा असतो, कॉम्प्युटरचा नाही. आमच्या ऑफिसात पातळ लॅपटॉपना लॅनचं भोकच नाही, यूएसबीचे डोंगल आहेत. डोंगल आज याच्या टेबलावर, उद्या त्याच्या. मॅक पत्ता डोंगलाबरोबर फिरतो. वायफायवर 'रँडम हार्डवेअर अॅड्रेस' चालू असेल तर तोही भरवशाचा नाही. एकाच मशीनला लॅन, वायफाय, ब्लूटूथ, व्हर्च्युअल असे चार-पाच पत्ते असतात, त्यातला कुठला धरायचा हे परत तुम्हीच ठरवायचं.

पायथनवाल्यांसाठी खास: यूयूआयडी मॉड्यूलमधलं गेटनोड हे फंक्शन मॅक पत्ता देतं, पण त्याला तो सापडला नाही तर ते गप्प बसत नाही, ४८ बिटांचा कुठलातरी आकडा बनवून देतं. परत चालवलं की वेगळा. आणि चूक झाली असं कुठं म्हणत नाही.

लेथ_आणि_लिनक्स

लिनक्सवर ईटीसी फोल्डरात मशीन-आयडी नावाची फाईल असते, ३२ अक्षरांची खूण, इन्स्टॉल करताना तयार होते. नाव बदललं, कार्ड बदललं तरी ती तशीच. पण शाईवाल्यांच्या पोरासारखी डिस्क उतरवलीत तर तीही उतरते. तसं केलं असेल तर ती फाईल रिकामी करून मशीन परत चालू करायचं, नवी बनते. आणि ती खूण चव्हाट्यावर मांडायची नसते, लॉगमध्ये वगैरे छापू नका.

अॅपलच्या मॅकवाल्यांचं वेगळंच. तिथं एका मशीनला तीन नावं: कॉम्प्युटरनेम, लोकलहोस्टनेम, होस्टनेम. तिसरं कुणी भरलेलं नसेल तर नेटवर्क जे म्हणेल ते. आणि लोकलहोस्टनेम नेटवर्कवर दुसऱ्या कुणाशी जुळलं की मशीन आपलं आपणच मागं '-२' लावून घेतं. गावात एकाच नावाचे दोन पाटील असले की धाकट्याला टोपणनाव पडतं, तसं.

मंगळवारपेठी

नावाचा विषय निघालाच आहे तर फुटबॉल खेळणाऱ्या तालमींची नावं द्या. काउंटरला पाटाकडील, डिझाइनला दिलबहार आणि प्रॅक्टिस, फ्लेक्सला बालगोपाल. फक्त शाहू स्टेडियमवर मॅच असेल त्या दिवशी दोघांना एका स्विचवर ठेवू नका.

निवृत्त_मास्तर

हे तुम्ही विनोदानं म्हणालात, पण सल्ला बरोबर आहे. १९९० साली आरएफसी ११७८ (इंटरनेटवाल्यांच्या तांत्रिक टिपणांपैकी एक) निघाला, 'आपल्या कॉम्प्युटरला नाव कसं द्यावं' हाच त्याचा विषय. त्यात म्हटलंय की मशीन जे काम करतं त्यावरून नाव देऊ नका, मालकाचं नाव देऊ नका, एखादी मालिका धरा: फुलं, ग्रह, काहीही. कारण काम बदलतं आणि नाव चिकटून राहतं. मी ज्या शाळेत कॉम्प्युटर शिकवत होतो तिथं 'लायब्ररी' नावाचं मशीन नऊ वर्षं मुख्याध्यापकांच्या खोलीत होतं. नवा शिपाई 'लायब्ररीला प्रिंट पाठवली' ऐकून दोन जिने चढून ग्रंथालयात जायचा.

आम्ही गडांची नावं दिली होती. पन्हाळा, विशाळगड, पारगड, भुदरगड, सामानगड. मुलांना पाठ झाली, हा वेगळा फायदा. एक मुलगा परीक्षेत 'विशाळगडाचा माउस चालत नाही' असं लिहून आला होता.

शाहूपुरीचा_जुना

मास्तरांच्या मुद्द्याला जोडून एक अनुभव. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर. आमचं दुकान शाहूपुरीत. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटाला धोका पातळी, ती केव्हाच ओलांडली होती. रात्री पाच सीपीयू उचलून वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या देवघरात नेऊन ठेवले. सगळं ओसरून, चिखल काढून, परत मांडायला पंधरवडा गेला. सीपीयूंवर चिकटवलेल्या नावाच्या पट्ट्या ओलीनं सुटल्या होत्या. जो सीपीयू हाताला लागला तो टेबलावर ठेवला.

आमची स्क्रिप्ट मशीनच्या नावावरूनच चालायची, बापू म्हणतात तशी. नावं एकदम बरोबर होती, एकही बदललं नव्हतं. तरी सगळं चुकीचं! बिलाचं मशीन गोडाऊनच्या टेबलावर आणि गोडाऊनचं बिलाच्या. गोडाऊनमध्ये बसलेल्या माणसाची चलनं पुढच्या प्रिंटरवर निघत होती.

तेव्हा लक्षात आलं की मला मशीन कुठलं हे कधी जाणून घ्यायचंच नव्हतं. टेबल कुठलं, हे हवं होतं. ते ना नावात असतं, ना सीरियल नंबरात.

उद्यमनगरी

शाहूपुरीकर, काटा किर्र. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तांबडा-पांढरा दादा, यावर तुमचं काय म्हणणं?

तांबडा_पांढरा

पहिलं म्हणणं असं की मी दादा नाही, ताई आहे. 'सांगतो' वाचून तुम्ही धरून चाललात. मी कोल्हापूरचा आहे, आमच्यात बायका 'येतो गं' म्हणूनच घराबाहेर पडतात. तुम्ही मला आयपीवरून ओळखलंत.

उद्यमनगरी

ताई, चुकलो. माझी स्वतःची बहीण 'मी आलो' म्हणते, तरी.

मंगळवारपेठी

लाईट गेली की ताईचा दादा होतो, एवढंच या धाग्यातनं शिकलो.

तांबडा_पांढरा

आता दुसरं म्हणणं. शाहूपुरीकर बोलले तेच खरं उत्तर आहे. 'तू कोण' हे मशीनला विचारायच्या भानगडीत पडूच नका, 'तुझं काम काय' ते विचारा. आणि ते उत्तर तुम्हीच लिहून ठेवा, प्रत्येक मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर, सामायिक फोल्डरच्या बाहेर. सी ड्राइव्हवर प्रोग्रामडेटामध्ये एक फाईल करा, आत एकच शब्द: काउंटर, डिझाइन किंवा फ्लेक्स, इंग्रजीत. स्क्रिप्ट सामायिकच राहील, सगळ्यांना एकच. ती फक्त स्थानिक फाईल उघडून शब्द वाचेल. टेबल बदललं तर शब्द बदला, मशीनचं नाव पन्हाळा असो की पारगड.

पण शाईवाले, तुमची खरी चूक आयपी नाही. तुमचं 'नसेल तर फ्लेक्स' ही आहे. तुमच्या स्क्रिप्टला अनोळखी मशीन दिसलं की ती सगळ्यात महागड्या यंत्रावर माल टाकते. 'नसेल तर' च्या पुढं नेहमी 'थांब आणि ओरड' पाहिजे. यादीत नाव नाही, तर खिडकी उघडी ठेवायची, मोठ्यानं लिहायचं, बाहेर पडायचं. तेवढं असतं तर मंगळवारी कार्डं छापलीच गेली नसती, नुसती अडून राहिली असती.

बॅच_बापू

ताईंना +१. नावाचा आग्रह मी सोडतो. अर्धा सोडतो.

उद्यमनगरी

फाईल करताना तीन ठिकाणी मी आपटलोय, सांगून ठेवतो.

नोटपॅडमधून सेव्ह केली तर एक्स्टेन्शन लपलेलं असतं, आणि फाईलचं नाव टीएक्सटी-डॉट-टीएक्सटी होऊन बसतं. डोळ्यांना बरोबर दिसतं, स्क्रिप्टला सापडत नाही.

म्हणून काळ्या खिडकीतून केली: इको, काउंटर, एक जागा, मग बाणाचं चिन्ह, मग फाईलचं नाव. सुंदर दिसतं. पण बाणाच्या आधीची ती जागाही फाईलमध्ये जाते! फाईलमध्ये 'काउंटर' नाही, 'काउंटर' आणि एक रिकामी जागा. स्क्रिप्ट म्हणते ओळखत नाही. स्क्रीनवर दोन्ही शब्द शेजारी छापले, अगदी सारखे. शेवटी दोन्ही बाजूंना चौकोनी कंस लावून छापले तेव्हा एका कंसाच्या आधी फट दिसली. तेव्हापासून मी तपासायचं काहीही छापताना कंस लावतो. इलाज सोपा: बाण आणि फाईलचं नाव आधी लिहा, इको नंतर.

फाईल नको असेल तर सेटएक्स कमांडनं मशीनवर कायमचा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल (नाव देऊन विंडोजमध्ये साठवलेला शब्द) करता येतो. मागं स्लॅश एम लावायचं आणि अॅडमिन म्हणून चालवायचं. मात्र ज्या खिडकीत तो केलात तिथं तो दिसत नाही, नवी खिडकी उघडावी लागते. आमच्या पोरानं तो अकरा वेळा केला, होत नाही म्हणून. अकराही वेळा झाला होता.

लेथ_आणि_लिनक्स

डिस्क उतरवली की ही फाईलही उतरणार, हे कुणी बोललंच नाही. म्हणजे नवं मशीन पहिल्या दिवसापासून स्वतःला काउंटर समजणार.

तांबडा_पांढरा

बरोबर. म्हणून फाईलमध्ये दोन गोष्टी लिहा: काम आणि मशीनचं नाव. स्क्रिप्टनं नाव जुळतंय का बघायचं, जुळलं तरच काम वाचायचं. उतरवलेल्या मशीनला नवं नाव दिलं की फाईल आपोआप बाद होते आणि स्क्रिप्ट 'थांब आणि ओरड' मध्ये जाते. म्हणजे बापूंचं नावही राहिलं. (नाव द्यायचंच नाही म्हटलं तर मग देव तारी.)

खातेवही

आमच्याकडं उलटा प्रकार आहे. सीएचं ऑफिस, सहा माणसं, सगळी रिमोट डेस्कटॉपनं एकाच सर्व्हरवर. तिथं सहाही जणांना कॉम्प्युटरनेम सर्व्हरचंच येतं, आणि स्थानिक फाईलही सर्व्हरचीच. मग काय करायचं?

बॅच_बापू

तिथं क्लायंटनेम नावाचा वेगळा व्हेरिएबल असतो. ज्या मशीनवरून माणूस आत आलाय त्याचं नाव तो सांगतो. समोर बसून चालवलं तर तो बहुधा नसतोच, हेही लक्षात ठेवा. आणि माणसानं लॉगऑफ न करता घरच्या लॅपटॉपवरून परत तेच सेशन उघडलं, तर आधीपासून उघड्या असलेल्या प्रोग्रामांना जुनंच नाव दिसत राहतं. मार्चअखेरीला हे होणार म्हणजे होणार.

पुण्यातला_कोल्हापूरकर

हे सगळं डोमेन आणि ग्रुप पॉलिसीनं होतं. कुठल्या मशीनला कुठला प्रिंटर हे एका जागेवरून ठरवता येतं. २०२५ उलटलं तरी तुम्ही बॅच फाईल लिहिताय.

शाईवाला

दादा, चारही मशीनवर विंडोजची होम एडिशन आहे. डोमेनला जोडताच येत नाही. आणि आमचा सर्व्हर म्हणजे ती नास पेटी, तिच्यावर मांजर झोपतं.

नवखी_पण_हौशी

अजून एक शंका. हे नाव कुलुपासारखं वापरता येईल का? म्हणजे मी एक्सेलची शीट बनवून विकते, ती एकाच मशीनवर चालावी असं.

तांबडा_पांढरा

नाही. कॉम्प्युटरनेम हा साधा व्हेरिएबल आहे, कमांड प्रॉम्प्टमध्ये एक ओळ लिहून कुणीही त्यात दुसरं नाव भरतो आणि त्याच खिडकीतून एक्सेल उघडतो. ही ओळख आपल्याच माणसांत चुका होऊ नयेत म्हणून. चोरासाठी नाही.

निवृत्त_मास्तर

सगळं वाचून एक भाबडा प्रश्न. फाईल कार्डाची आहे की फ्लेक्सची, हे मशीनवरून का ठरतंय? काउंटरवरच्या मुलाला उद्या फ्लेक्स पाठवायचं असेल तर तो काय करतो?

शाईवाला

मास्तर... तो उठून डिझाइनच्या मशीनवर जातो आणि तिथून दाबतो. पेन ड्राइव्ह घेऊन.

दीड वर्ष.

मंगळवारपेठी

जाळ अन् धूर संगटच.

शाईवाला

दहा दिवसांनी परत आलो. काय केलं ते लिहितो, ज्यांनी डोकं लावलं त्यांचं देणं लागतो.

मास्तरांचं पहिलं ऐकलं. आता प्रत्येक मशीनवर दोन फोल्डर आहेत, 'तयार-कार्ड' आणि 'तयार-फ्लेक्स'. माल कुठं जायचा ते फोल्डर ठरवतो, मशीन नाही. पेन ड्राइव्ह कपाटात गेला.

मग मशीन ओळखायची गरज उरली का? उरली. डिझाइनच्या मशीनवर फोल्डर डी ड्राइव्हवर आहे, काउंटरवर डी ड्राइव्हच नाही. शिवाय कुणी काय पाठवलं याची नोंद ठेवायची होती, नाहीतर परत कुणाच्या नावानं ओरडायचं? म्हणून ताईंची फाईल, काम आणि नाव दोन्ही लिहून. बाण आधी, इको नंतर. मशीनना नावं दिली: पन्हाळा, पारगड, भुदरगड, सामानगड. सगळ्यात लांब भुदरगड, इंग्रजीत ९ अक्षरं, बसतंय. राउटरमध्ये चौघांचे आयपीही बांधून टाकले, स्क्रिप्टला आता लागत नाहीत तरी.

'नसेल तर' च्या पुढं आता असं येतं: लाल पार्श्वभूमीवर 'हे मशीन माझ्या यादीत नाही. काही पाठवलेलं नाही. शाईवाल्याला फोन करा.' आणि पॉज.

रविवारी भाच्यानं स्वतःचा लॅपटॉप दुकानाच्या वायफायला जोडून 'पाठव' दाबलं. लाल खिडकी बघून त्यानं लॅपटॉपचं झाकण आपटून बंद केलं आणि मला फोन केला, 'मामा, दुकानात व्हायरस शिरलाय.' त्याला म्हटलं, शाबास.

उद्यमनगरी

पट्ट्या पण लावा सीपीयूवर, नावाच्या. साध्या स्टिकरच्या नको, ऑइल पेंटनं लिहा. पूर सांगून येत नाही.

शाहूपुरीचा_जुना

सांगून येतो. फूट-फूट सांगून येतो. आपण ओके दाबून पुढं जातो.

मंगळवारपेठी

ते सगळं ठीक. पण भाचा रविवारी दुकानात काय छापायला आला होता?

शाईवाला

स्वतःच्याच वाढदिवसाचं डिजिटल, म्हणजे फ्लेक्सचा बोर्ड. ८ बाय १०. फोटो गॉगल लावलेला, खाली शुभेच्छुक म्हणून माझं नाव, न विचारता.